जनार्दनाची पेटी नवसारीला निघते

नवसारीला जायचे तर काय लागते? बडोदे स्टेशनावर जावे, तिकीट काढावे, गाडीत बसावे आणि नवसारी आली की उतरावे. रोज शेकडो माणसे हे करतात आणि त्यावर कुणी कथा लिहीत नाही. पण जनार्दन चिटणीस रावपुऱ्यात राहत होता, आणि रावपुऱ्यातल्या मराठी माणसाला शेजाऱ्यांच्या परवानगीशिवाय साधे आजारीसुद्धा पडता येत नाही. परगावी जाणे तर लांबच राहिले.

जनार्दन एका शाळेत भूगोल शिकवायचा. ते पोटासाठी. खरा तो कवी, संगीतकार आणि गायक होता, तिन्ही एकदम, कारण त्याच्या कवितांना दुसऱ्या कुणी चाल लावली नव्हती आणि त्याच्या चाली दुसऱ्या कुणी गायल्या नव्हत्या. त्याचे दौरेही होत. जवळच्या सावली गावाला तो एका सत्यनारायणाला गायला होता, शहरातल्याच समा भागातल्या एका सोसायटीच्या गणपतीत गायला होता आणि आणंदला हळदीकुंकवात. सावलीहून परतून रात्रीचे जेवण घरीच जेवला असला, तरी दुसऱ्या दिवशी शाळेत ‘दौऱ्याचा शीण आहे’ म्हणून तो वर्गाला नकाशे काढायला बसवी. गुजरातचा नकाशा त्या वर्गाइतका चांगला साऱ्या बडोद्यात कुणाला काढता येत नसे.

ह्या सगळ्यामागे एक दैवत होते, ते म्हणजे मुंबईचे विश्वंभर नेरूरकर. तेही शब्द, चाल आणि गळा तिन्ही घरचेच वापरत, फरक इतकाच की त्यांचे रेडिओवर लागे. त्यांना ऐकून जनार्दनाने पेटी घेतली. त्यांचा फोटो पाहून केस मागे वळवले. पुढे केस आपण होऊनच मागे गेले, पण निष्ठा होती तिथेच राहिली.

आणि एका बुधवारी नवसारीहून फोन आला. आळीत फोन एकच, शरदकाका दिघ्यांकडे. त्यामुळे बातमी आधी शरदकाकांना कळली, मग त्यांच्या पत्नी लीलाकाकूंना, मग दूधवाल्याला आणि मग जनार्दनाला. नवसारीच्या एका मराठी मंडळाचे विश्वासराव बोलत होते. रविवारी दुपारी नेरूरकरांचे गाणे ठरले होते. त्यांचे साथीदार मागच्या गाडीने येणार होते, तोवर श्रोत्यांना धरून ठेवायला कुणीतरी हवे होते. जनार्दनराव अर्धा तास गातील का?

“नेरूरकर तेव्हा कुठे असतील?” जनार्दनाने विचारले. त्याचा आवाज बारीक झाला होता.

“कुठे म्हणजे? पहिल्या रांगेत. ते म्हणाले, बडोद्याचा माणूस स्वतःची गाणी करतो, तर ऐकू या की.”

जनार्दनाने फोन ठेवला, फोनला नमस्कार केला आणि मग शरदकाकांना केला.

आता शरदकाकांविषयी सांगायलाच हवे. शरच्चंद्र दिघे म्हणजे हिशेबतपासनीस. आधी बडोदे संस्थान, मग मुंबई राज्य आणि मग गुजरात, अशा तीन सरकारांच्या दप्तरांत त्यांनी आक्षेप काढले होते, आणि काढलेला एकही आक्षेप कधी मागे घेतला नव्हता. निवृत्तीनंतर दप्तरे गेली, आक्षेप राहिले. ते आता आळीला पचवावे लागत होते.

त्या संध्याकाळी जनार्दनाने ओट्यावर पेटी काढून आपले सर्वांत लाडके गाणे सर्वांना ऐकवले. ‘उंबऱ्यावर ठेव थोडे ऊन माझ्यासाठी.’ परगावी गेलेला माणूस घरच्यांना सांगतो आहे, असे ते विरहाचे गाणे. संथ, उदास, प्रत्येक ओळीनंतर पेटीवर एक लांब सुस्कारा. गाणे संपले. लीलाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. शरदकाका मात्र चष्मा पुसत होते, आणि ते चष्मा पुसू लागले की तीन सरकारांतली माणसे घाबरत.

“गाणं उत्तम आहे, जनार्दन,” ते म्हणाले. “पण चाल नेरूरकरांची आहे.”

“काय म्हणता, काका?”

“त्यांचं ते होडीचं गाणं नाही का? त्याची पहिली ओळ आणि तुझी पहिली ओळ. मी नोंद करतोय, बाकी काही नाही.”

जनार्दन हसला. पण ते हसू घरी पोचेपर्यंत टिकले नाही. घरी त्याने आधी होडीचे गाणे गुणगुणले, मग आपले, मग परत होडीचे, आणि असे इतक्या वेळा केले की शुक्रवारी शाळेत फळ्यावर नर्मदा काढता काढता होडी आपल्या उंबऱ्याला लागली की ऊन नदीत पडले, हे त्याला सांगता येईना. वीस वर्षे ज्या गाण्याला आपले म्हणून मिरवले ते खरेच आपले आहे का? आणि नसेल, तर ते ज्याचे आहे त्याच्याच समोर, पहिल्या रांगेत, त्याच्याच तोंडावर गायचे?

“दुसरं गाणं गातो,” तो मंदाकिनीला म्हणाला.

मंदाकिनी त्याची बायको. नवऱ्याच्या गाण्याबद्दल ती कधी वाईट बोलली नव्हती आणि चांगलेही बोलली नव्हती. गाणे चालू असताना ती एकदाच उठे, कुकरच्या शिट्टीला.

“गा की,” ती म्हणाली. “पण एक तसं निघालं तर बाकीच्यांचं काय सांगावं?”

हे ऐकल्यावर जनार्दनाने तेच गाणे गायचे ठरवले. काय तो निकाल एकदाच लागू दे.

तिकडे आळीने प्रवास ताब्यात घेतला होता. जनार्दन आगगाडीने जाणार हे ऐकून लोकांना त्याची दया आली. आगगाडीत पेटीला धक्का लागून सूर हलतात, असे एकाने सांगितले. एकाच्या मेहुण्याच्या सतारीचा भोपळा भरूच आणि अंकलेश्वरच्या मध्ये फुटला होता. शेवटी शरदकाकांनी घसा साफ केला आणि ते म्हणाले, “माझी फियाट आहे. मी नेतो.”

ही फियाट दसऱ्याला हार घालण्यापुरती बाहेर निघत असे. शरदकाकांच्या ह्या औदार्याने जनार्दनाला भरून आले. दुसऱ्या दिवशी कळले की लीलाकाकूंचे हाताने चालवायचे शिवणाचे मशीन भरूचला लेकीकडे, स्नेहलताकडे, पोचवायचे होते आणि गेले वर्षभर त्यासाठी कुणी त्या वाटेने जाणारा सापडत नव्हता.

‘जाताच आहात तर’ हे तीन शब्द बडोद्यात फार जुने आहेत. जाताच आहात तर हा लिलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा, अंकलेश्वरला मावशीकडे द्या. जाताच आहात तर नवसारीला आमच्या साडूंची ही काठी. दौऱ्यावर निघालेल्या कलावंताला टपाल खात्याचे काम आळीने दिले, आणि टपाल खात्याला निदान गणवेश तरी मिळतो. लीलाकाकूंनी मात्र कौतुकाने पेटीला नवी खोळ शिवली. जुन्या पडद्याचे कापड, हिरव्यावर पिवळी फुले. कापड उरले, म्हणून तशीच एक मशीनलाही शिवली.

रविवारी सकाळी सामान भरताना शरदकाका डिकीजवळ उभे राहिले. “डावीकडे मशीन, उजवीकडे पेटी. सगळ्यांनी लक्षात ठेवा. पद्धत असली की चूक होत नाही.”

पुढे शरदकाका आणि जनार्दन, मागे मंदाकिनी, चेवड्याचे डबे, काठी आणि सुभानराव. सुभानराव हा जनार्दनाचा तबलजी, कारखान्यातला फिटर. वर्षभर त्याचा तबला जनार्दनाच्या विरहाला असे आणि नवरात्रात त्याचा ढोलक रावपुऱ्याच्या गरब्याला. बोलायचा कमी. विचारले तर गुजराती वळणाने ‘बरोबर ने’, म्हणजे ‘बरोबर ना’, म्हणायचा, न विचारले तर तेही नाही.

शरदकाका मोटार फार जबाबदारीने चालवत. करजणच्या आधी एक सायकलवाला शेजारून जाताना आत डोकावून ‘केम छो काका’ म्हणाला, काकांनी त्याला आपली सविस्तर खुशाली सांगितली, आणि बोलणे संपल्यावर तो पुढे निघून गेला.

भरूचला गावात शिरताना जकातनाका लागला. नाक्यावरचा कारकून बिचारा सज्जन होता. आत माणसे आणि डबे पाहून त्याने हात हलवला, “जवा दो, काका, जवा दो.”

शरदकाकांनी गाडी थांबवली. इंजिनही बंद केले.

“डिकीत एक शिवणाचं मशीन आहे,” ते म्हणाले.

“घरनो संचो ने? जाओ ने, काका.”

“घरचं आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं? तपासल्याशिवाय सोडलंत तर उद्या तुमच्यावर आक्षेप येईल.”

“काका,” जनार्दन कळवळून म्हणाला, “कार्यक्रम तीनला आहे. तो सोडतोय ना?”

“तो सोडतोय, हीच तर अनियमितता आहे.”

झाले. डिकी उघडली. पिवळ्या फुलांची दोन खोकी खाली उतरली. कारकुनाने वैतागून जवळचे सोडले, ती निघाली पेटी. मशीन सांगितले आणि पेटी निघाली म्हटल्यावर त्यालाही आता संशय येणे भाग होते. ही विकायला नेता का? नाही, हे गायक आहेत, असे मंदाकिनीने सांगितले. मग वाजवून दाखवा, तो म्हणाला. मागे ट्रक थांबले होते, त्यांचे ड्रायव्हर जमले. जनार्दनाच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीत एवढे श्रोते प्रथमच स्वखुशीने आले होते. डिकीच्या कडेवर पेटी ठेवून त्याने उंबऱ्यावरचे ऊन मागायला सुरुवात केली. घाईत होता, म्हणून सुस्कारे वगळले.

दुसऱ्या ओळीला कारकुनाचा पाय हलायला लागला. “सरस!” तो म्हणाला. “गरबो छे ने?”

“गरबा नाही!” जनार्दनाला ते फार लागले. “भावगीत आहे. विरहाचं.”

“हा, पण सरस छे.” आणि त्याने घरगुती सामान म्हणून सगळे सोडले.

सामान पुन्हा बांधले मंदाकिनीने आणि डिकीत रचले ट्रकवाल्यांनी. त्यांना डावे-उजवे कुणी सांगितले नव्हते. एवढे झाल्यावर फियाट सुरू होईना. त्याच ट्रकवाल्यांनी ती ढकलली तेव्हा कुठे ती खोकत उठली, आणि शरदकाकांनी जाहीर केले की आता नवसारीपर्यंत इंजिन बंद करणार नाही.

स्नेहलताच्या दारातही केले नाही. तिथे दुसरीही एक अडचण होती. कन्यादान केलेल्या लेकीच्या घरी, तिला मूल होईपर्यंत, बापाने अन्नपाणी घ्यायचे नाही ही जुनी रीत. आळीत ती बाकी सगळ्यांनी सोडली होती. पण शरदकाका नियम सोडणाऱ्यांतले नव्हते, आणि पाणी नाही म्हणताना लेकीचा चेहरा बघवत नाही म्हणून ते तिच्या घराची पायरीच चढत नसत. लग्नाला दोन वर्षे झाली, पोरीचे घर त्यांनी फाटकातूनच पाहिले होते.

“सुभानराव, डावीकडचं खोकं काढा आणि द्या आत,” ते समोर बघत म्हणाले.

सुभानरावने डावीकडचे खोके काढून आत दिले. स्नेहलता धावत फाटकापर्यंत आली. “बाबा, निदान उतरा तरी. चहा टाकलाय.”

“उशीर झालाय गं,” शरदकाका म्हणाले आणि त्यांनी उगाचच हॉर्न वाजवला. मग त्यांनी गाडी नर्मदेच्या पुलाकडे काढली.

नवसारीला पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. विश्वासराव रस्त्यावर येऊन उभे होते आणि दर मोटारीला हात करत होते. हॉल भरलेला. कारखान्यांतली, रेल्वेतली मराठी कुटुंबे, मागे बायका, त्यांच्या मागे मुले. पहिल्या रांगेत पांढरा झब्बा घातलेले खुद्द नेरूरकर. जनार्दनाने स्वतःच खोके उचलून रंगमंचावर नेले. ते रोजच्यापेक्षा जड लागले, पण आजच्या दिवशी त्याला स्वतःचे पायही जडच लागत होते.

जनार्दनाची एक लकब होती. तो पेटी श्रोत्यांसमोरच उघडी. आधी नमस्कार, मग दोन्ही हातांनी खोळ आणि झाकण एकदम वर. त्याने नमस्कार केला आणि झाकण वर केले.

आत लीलाकाकूंचे मशीन होते. काळेभोर, सोनेरी वेलबुट्टीचे, बाजूला चाक आणि दांडा.

मग मागून कुणीतरी म्हणाले, “आधी शिवणकाम आहे वाटतं.” जे हसू फुटले त्यात छताचे पंखेसुद्धा हलल्यासारखे वाटले. जनार्दनाने झाकण परत घातले आणि पुन्हा उघडले. मशीनच होते.

विश्वासराव विंगेतून कुजबुजले की मंडळाची पेटी होती, पण तिचा भाता उंदरांनी खाल्ला. नेरूरकरांची पेटी तर साथीदारांबरोबर, अजून गाडीत. तिसऱ्या रांगेत शरदकाका उभे राहिले, “डावीकडे मशीन सांगितलं होतं!” असे सर्वांदेखत म्हणाले आणि खाली बसले.

“सुरू करा, जनार्दनराव,” विश्वासराव हात जोडून म्हणाले. “नाहीतर लोक उठतील.”

सुभानरावने तबल्यावर थाप दिली. जनार्दनाने डोळे मिटले आणि सुरू केले. उंबऱ्यावर ठेव थोडे ऊन माझ्यासाठी. आवाज लागला. पण हातांचे काय करायचे? वीस वर्षे त्या हातांना पेटी होती. उजवा सुरांवर, डावा भात्यावर. आता ते रिकामे लोंबत होते. आधी त्याने ते गुडघ्यांवर ठेवले, मग मांडीखाली घातले. दुसऱ्या ओळीला ते बाहेर आले. तिसऱ्या ओळीला आपोआप एकमेकांना भेटले. टाळी. आणखी एक टाळी. मग तिसरी.

रावपुऱ्यात वाढलेल्या माणसाचे हात रिकामे सोडले तर ते काय करणार? लहानपणापासून दर नवरात्रात चौकात ह्याच तीन टाळ्या. डोके नेरूरकरांचे गाणे शिकत होते तेव्हा हात काय शिकत होते, ह्याची डोक्याने कधी चौकशीच केली नव्हती. सुस्कारे टाकायला पेटी नव्हती, त्यामुळे ओळीला ओळ लागत गेली, आणि सुभानरावच्या हातांना ती टाळी ऐकून जे वाजवायचे ते कुणी सांगावे लागले नाही. तबला ढोलकासारखा घुमू लागला.

मागच्या रांगेतल्या दोन बायका उठल्या. जनार्दनाला वाटले, गेल्या. पण त्या गेल्या नाहीत. खुर्च्या सरकवून त्यांनी जागा केली. मग चार उठल्या. मग दहा. फेर धरला गेला. ह्या लोकांच्या दोन पिढ्या गुजरातेत गेल्या होत्या, घरात मराठी आणि अंगणात गरबा. विरहाच्या गाण्यावर त्यांनी असा काही ठेका धरला की परगावी गेलेला तो गाण्यातला माणूस धावत घरी यावा. विश्वासराव ‘बसा हो, बसा, भावगीत आहे’ म्हणत धावले. कुणीतरी त्यांचा हात धरला आणि तेही फेरात गेले.

थांबावे तर सुभानराव थांबेना. जनार्दन गात राहिला. पहिल्या रांगेकडे पाहायची हिंमत त्याला होत नव्हती. शेवटी त्याने पाहिलेच. नेरूरकरांनी तोंडावर रुमाल धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. संपले, जनार्दनाला वाटले. चाल चोरली ती चोरली, वर तिचा गरबा केला. देवाचे सोने चोरावे आणि त्याच्याच पुढ्यात आटवावे, असे झाले.

तेवढ्यात त्याला फेरात मंदाकिनी दिसली. कुकर नाही, शिट्टी नाही, आणि मंदाकिनी उठली होती. पदर खोचलेला. वळताना तिने रंगमंचाकडे पाहिले आणि ती हसली. जनार्दन तिच्याकडेच बघत राहिला आणि पुढची ओळ चुकला. कुणालाच ते कळले नाही, कारण तोवर ती ओळ सगळा हॉल गात होता.

नेरूरकरांच्या साथीदारांनी आत पाऊल टाकले तेव्हा गाणे चौथ्यांदा मुखड्यावर आले होते. जनार्दन कसाबसा उठला, मशीन कवटाळले आणि बाजूच्या खोलीत जाऊन ते खाली ठेवून भिंतीला टेकून उभा राहिला. मागोमाग शरदकाका आले. त्यांच्या मागोमाग नेरूरकर. जवळून ते फोटोपेक्षा बरेच बुटके निघाले.

ते काही बोलायच्या आत जनार्दनाने हात जोडले. “साहेब, माफ करा. ती चाल तुमची आहे. होडीच्या गाण्याची. मुद्दाम नाही घेतली. वीस वर्षं तुमचंच ऐकतोय, कधी आत शिरली ते कळलं नाही. ह्या शरदकाकांनी दाखवलं तेव्हा...”

“कुठली चाल?” नेरूरकरांनी विचारले.

“आत्ता गायलो ती.”

नेरूरकरांनी आपल्या होडीची पहिली ओळ गुणगुणली. मग उंबऱ्याची. मग पुन्हा होडीची. शरदकाका चष्मा पुसत होते.

“पहिले तीन-चार सूर शेजारी राहतात खरे,” नेरूरकर म्हणाले. “पण शेजारी राहिले म्हणून काय नातेवाईक झाले? अहो, माझ्या होडीच्या गाण्यावर तीस वर्षांत कुणी उभंसुद्धा राहिलेलं नाही. उठून गेले ते सोडा. ह्यात माझं काही नाही, जनार्दनराव. मला मागूनही हे यायचं नाही. हे तुमच्या चौकातलं आहे.”

“पण तुम्ही रुमाल...”

“हसू आवरेना हो! तुम्हाला नाही हसलो. त्या विश्वासरावांना. लोकांना खाली बसवायला गेले आणि गरब्याच्या तीन फेऱ्या मारून आले.”

जनार्दन समोरच्या खोक्यावर, म्हणजे मशीनवर, बसला. बुधवारपासून छातीवर ठेवलेले ओझे कुणीतरी उचलून नेले होते. त्याला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही. नेरूरकरांनी त्याला तोच रुमाल दिला आणि ते गायला गेले. दोन तास गायले, होडीचेही गायले. सगळे मन लावून बसून होते.

शरदकाका मात्र तिथेच उभे होते. चष्मा डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, “जनार्दन, तो आक्षेप... मागे घेतोय.”

“असू द्या हो, काका.”

“असू द्या कसं? नोंद केली होती ना मी.” मागे घेतलेला आयुष्यातला पहिलाच आक्षेप होता, जड गेला असणार.

रात्री विश्वासरावांकडे मुक्काम झाला. सकाळी परत निघाले ते पेटी घ्यायला भरूचला आले. पुलाच्या बाजूच्या नाक्यावर आज पाळीला तोच कारकून होता. ‘ओ गरबावाळा भाई!’ म्हणून तो खिडकीतून ओरडला. शरदकाका गाडी थांबवण्याच्या बेतात होते, कारण मशीन पुन्हा गावात शिरत होते. मागून मंदाकिनी म्हणाली, “काका, हाका गाडी.” काकांनी हाकली.

स्नेहलताच्या दारात आतून पेटीचे सूर येत होते. तिचे सासरे काल संध्याकाळपासून ती सोडायला तयार नव्हते. लहानपणी शिकलेले भजन त्यांना अर्धे आठवले होते आणि उरलेले अर्धे ते शोधत होते. घरातली बाकी माणसे जनार्दनाकडे सुटका करणाऱ्याच्या नजरेने बघू लागली.

“पेटी देतो,” सासरे आतूनच म्हणाले, “पण व्याह्यांनी स्वतः येऊन न्यायची. सुभानराव नकोत, ते भलतंच नेतात.”

सुभानराव म्हणाला, “बरोबर ने.”

सगळे शरदकाकांकडे पाहू लागले. इंजिन चालू होते. काकांनी ते बंद केले, उतरले, फाटक उघडले आणि पायऱ्या चढून दारापाशी आले. तिथे थांबले. सकाळचे ऊन तिरपे होऊन नेमके उंबऱ्यावर पडले होते. काकांनी उंबऱ्याकडे बराच वेळ पाहिले, जसे ते जुन्या दप्तरातल्या कलमाकडे पाहत असतील. मग धोतर आवरून ते उंबऱ्यावरच बसले. एक पाय आत, एक बाहेर.

“बाबा, हे काय?” स्नेहलता म्हणाली.

“नियम घराचा आहे,” शरदकाका म्हणाले. “मी घरात कुठे आलोय? उंबऱ्यावर आहे. उंबऱ्याबद्दल काही लिहिलेलं नाही. चहा टाकलायस का?”

स्नेहलता आत धावली. तिला कप सापडेना, मंदाकिनी मदतीला गेली. जनार्दन पायरीखाली उभा होता. काकांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. आत व्याह्यांना अजून भजनाची दुसरी ओळ सापडत नव्हती.

त्या बेसूर सुरांच्या वरून, अगदी हलक्या आवाजात, शरदकाका गुणगुणू लागले. जनार्दनाने कान दिला. होडी नव्हती. उंबऱ्यावर ठेव थोडे ऊन माझ्यासाठी. संथ होते, विरहाचेच होते, आणि रिकाम्या हाताने काका बशीच्या कडेवर तीन टाळ्यांचा ठेका धरत होते.